'काकू, ही पिन आमची नाही' : मुलांची रोबोटिक्स स्पर्धा आणि आपली लुडबुड

सातवीची_आई | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मंडळी, आधी कबुली देते, मग प्रश्न विचारते.

मुलगा सातवीत आहे. सोसायटीतली आणि त्याच्या वर्गातली मिळून सात मुलं यंदा फर्स्ट लेगो लीगमध्ये उतरली आहेत. 'तुझं आयटी आहे ना' एवढ्या एका पात्रतेवर कोचपद माझ्या गळ्यात पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलावर लेगोच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात. मुलांनी बांधलेल्या रोबोटने अडीच मिनिटांत त्यातली जमतील तेवढी कामं करायची. रिमोट नाही. बटण दाबलं की पुढे त्याचा प्रोग्रॅम आणि त्याचं नशीब. टेबलाच्या कोपऱ्यातल्या 'होम'बाहेर असताना रोबोटला हात लावला तर गुणांच्या सहा टोकनांपैकी एक जातं. याखेरीज एक प्रकल्पही असतो: दिलेल्या विषयातली खरी अडचण शोधायची आणि तिच्यावर उपाय काढायचा. २०२५-२६ च्या हंगामाचं नाव 'अनअर्थ्ड', विषय पुरातत्त्व.

तर झालं असं. आमच्या रोबोटचा उचलायचा हात वर गेला की हळूहळू लोंबायचा. मुलं तीन रविवार त्यात अडकलेली. परवा रात्री ती घरी गेल्यावर मला राहवलं नाही. करडी, मोकळी फिरणारी पिन काढली, काळी घट्ट पिन घातली, ८ दात्यांच्या गिअरपुढे २४ दात्यांचा लावला. पंधरा मिनिटांचं काम. शांत झोप लागली.

सकाळी सहावीतल्या एका मुलीने रोबोट हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "काकू, ही पिन आमची नाही."

पुढे कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

प्रश्न असा: मोठ्यांनी नक्की कुठपर्यंत जावं? नियम सांगतो की काम मुलांनीच करायचं. पण काहीच सांगायचं नसेल तर मी तिथे फक्त पोहे करायला आहे का?

पिंगळा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२६

पोहे हे कमी दर्जाचं काम समजल्याबद्दल तीव्र निषेध.

बाकी धागा वाचतोय.

न्यूजर्सीकर | १३ ऑक्टोबर, पहाटे ५:०२

ताई, तुम्ही एकट्या नाही. आमच्याकडे 'सिटी शेपर'च्या वर्षी (२०१९-२०) तर एका बाबांनी सगळा प्रोग्रॅमच नव्याने लिहून आणला होता. सुंदर प्रोग्रॅम. रेषेवरून चालताना रोबोट जराही डगमगायचा नाही. फक्त स्पर्धेच्या दिवशी हॉलमधल्या दिव्यांमुळे रंग ओळखणारा सेन्सर गोंधळला, आणि कुठला आकडा बदलायचा हे पाचातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. बाबा प्रेक्षकांत दोरीच्या मागे उभे राहून हातवारे करत होते. तेव्हा रोबोट लेगोच्या माइंडस्टॉर्म्स मालिकेतल्या ईव्ही३ संचाचा होता. २०२२ च्या अखेरीस लेगोने माइंडस्टॉर्म्सच बंद केलं, आता बहुतेक जण लेगोचाच स्पाइक प्राइम संच वापरतात. हातवारे तेच आहेत.

आमचा नियम साधा होता. टेबलाजवळ मोठ्या माणसाचे हात खिशात. बोलायचं तर वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं.

शून्य_प्रहर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

मुळात हा सगळा श्रीमंतांचा खेळ आहे. अमेरिकेतच स्पाइकचा संच चारशे डॉलरच्या घरात, इथे त्याहून महाग. वर नोंदणी, टेबल, दरवर्षी नव्या प्रतिकृती. ठोकळे जोडायला शिकवणाऱ्या क्लासवाल्यांचं चांगभलं. आम्ही जुना रेडिओ उघडून शिकलो.

पिंगळा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२१

आणि तो रेडिओ परत लागला का, शून्यराव? खरं सांगा.

शून्य_प्रहर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

तो मुद्दा नाही.

झेडपी_गुरुजी | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

शून्य_प्रहर यांच्या पैशाच्या मुद्द्याशी सहमत, निष्कर्षाशी नाही.

सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने बनवून बघायच्या प्रयोगशाळा, दिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, देशभरात १०,००० शाळा. माझ्या आधीच्या शाळेतही लॅब होती. कुलूपबंद. 'सामान हरवलं तर जबाबदार कोण' या भीतीने थ्रीडी प्रिंटरवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं निघालं नव्हतं. आताच्या शाळेत लॅब नाही, पण कुलूपही नाही.

आम्ही आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर, काम करतो. बोर्ड, मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या छोट्या बीओ मोटरी, पट्टी ओळखायला दोन आयआर सेन्सर. सुट्टीत पुण्याला आलो की बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन घेऊन येतो. चासी (गाडीचा सांगाडा) म्हणून पुठ्ठा किंवा सनमायकाचा तुकडा. चार गट, प्रत्येक गटात पाच मुलं, शाळेतल्या शाळेतच स्पर्धा: काळ्या पट्टीवरून आधी कोण पोचतं.

पहिल्या वर्षी एकाही गटाची गाडी हलेना. बोर्डवरचा दिवा लागायचा, मोटर नुसती कण्हायची आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दोष चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीचा होता. तिच्यात व्होल्टेज भरपूर, पण मोटर सुरू होताना लागणारा करंट तिला देता येत नाही. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं होतं. सांगितलं नाही. आठवीतल्या एकाने सहाव्या दिवशी टॉर्चचे चार सेल जोडून बघितले, आणि गाडी थेट भिंतीवर. त्या आवाजाने मुख्याध्यापक धावत आले.

इतके दिवस मी गप्प बसलो ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या सहा दिवसांत दोन मुली कंटाळून सोडून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

चकली | १३ ऑक्टोबर, रात्री ९:०५

गुरुजी, शेवटच्या दोन ओळींबद्दल धन्यवाद. हे सहसा कुणी लिहीत नाही.

मला हेच विचारायचं होतं: सोडून जातात त्या मुलीच का? माझ्या भाचीच्या टीममध्ये चार मुलगे, तीन मुली. पहिल्याच दिवशी वाटणी झाली. मुलगे रोबोट, मुली 'प्रेझेंटेशन आणि टी-शर्टचं डिझाइन'. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. कोच म्हणाले, 'त्यांनीच निवडलं ना.' बारा वर्षांची मुलगी चार आरडाओरडा करणाऱ्या पोरांच्या मधे शिरून माउस मागणार आहे का? इथे मोठ्या माणसाने हात खिशातून काढायलाच हवा.

सातवीची_आई | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

चकली, अगदी. आमच्याकडे तीन मुली आहेत आणि दर रविवारी अर्ध्या तासाने लॅपटॉपसमोरची जोडी बदलते. घड्याळ माझ्याकडे असतं. पिन ओळखणारी मुलगी आधी 'पोस्टर विभागात'च होती.

टूलरूम_आजोबा | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

नमस्कार. पिंपरीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. नातवामुळे हा खेळ कळला.

मुलांचा रोबोट सोडताना ती दरवेळी वेगळ्या कोनात ठेवत होती आणि 'प्रोग्रॅम चुकला' म्हणून डोकं धरत होती. मी नातवाला इतकंच विचारलं, 'काल ठेवला होता तिथेच आज ठेवलास, हे तुला कशावरून कळलं?' गडी विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेगोच्याच पट्ट्यांचा एक काटकोन बनवला, टेबलाच्या कडेला टेकवून त्यात रोबोट बसवायचा. आमच्यात याला फिक्स्चर म्हणतात. त्यांच्यात जिग म्हणतात. जिग हत्याराला वाट दाखवतो, फिक्स्चर नुसतं कामाला धरून ठेवतं. हा फरक मी त्यांना समजावला, कुणी ऐकलं नाही.

ताई, तुमच्या हाताबद्दल: मुलांना विचारा, हात वर गेल्यावर मोटर बंद केली तर तो खाली का येतो? आणि जगात अशी कुठली यंत्रं आहेत की जी फिरवून सोडली तरी मागे फिरत नाहीत? उत्तर सांगू नका. मीही सांगत नाही.

न्यूजर्सीकर | १४ ऑक्टोबर, सकाळी

आजोबा, दंडवत.

पिंगळा | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:००

मागे न फिरणारं यंत्र: आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

निळू_फक्त | १४ ऑक्टोबर, दुपारी १:४५

कॉलेजात असताना मी रोबोकॉनवाला होतो, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेतला. २००८ ला आंतरराष्ट्रीय एबीयू रोबोकॉन आपल्या पुण्यात, बालेवाडीत झाली आणि विषय चक्क दहीहंडीचा होता. परदेशी विद्यार्थ्यांचे रोबोट मटक्यापर्यंत हात लांबवून लोणी काढतायत, असं दृश्य. त्या वेळी आम्ही रात्र रात्र वेल्डिंग करायचो आणि एकदा वायरिंगचा धूर करून वर्कशॉप रिकामं केलं होतं.

हे लिहायचं कारण असं की आमच्या टीममध्ये एकानेही शाळेत असताना हाताने काहीही बनवलेलं नव्हतं. बारावीपर्यंत मार्क, मग एकदम ड्रिल मशीन. सहावी-सातवीत कुणी करडी पिन आणि काळी पिन ओळखत असेल तर लेगो की आर्डुइनो हा वाद दुय्यम.

शून्य_प्रहर | १४ ऑक्टोबर, दुपारी २:१०

दुय्यम कसा? ज्याला परवडतं तोच ओळखणार ना पिन. गुरुजींची मुलं तुमच्या स्पर्धेत येऊ शकतात का, एवढंच सांगा.

झेडपी_गुरुजी | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

सध्या तरी नाही. गेल्या वर्षी एका ओळखीच्या टीमने वापरलेला संच देऊ केला होता, पण प्रवास आणि नोंदणी जमेना. शून्य_प्रहर, तुम्ही चिडता ते योग्य ठिकाणी चिडता. फक्त त्या सात पोरांवर चिडू नका.

कडूकारले | १४ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मी तीन वर्षं या स्पर्धेत स्वयंसेवक परीक्षक होते, म्हणून थोडं आतलं.

लोकांना वाटतं की टेबलावरचे गुण म्हणजे सगळं. तसं नाही. रोबोटचा खेळ, रोबोटची रचना, प्रकल्प आणि कोअर व्हॅल्यूज, चारांना सारखंच वजन आहे. परीक्षकांच्या खोलीत बोलतात ती फक्त मुलं, कोचने तोंड उघडायचं नसतं. आणि खरं सांगू, मोठ्यांचं काम ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी एकच विचारायचे: 'हा भाग याआधी कसा होता?' ज्यांनी स्वतः बांधलंय ती मुलं एकमेकांना ढकलत बोलायला लागतात. पहिला हात मोडला, दुसरा उलटा लागला, तिसऱ्याला दादाने शिवी दिली. ज्यांना तयार मिळालंय ती छान इंग्रजीत पाठ केलेलं म्हणतात, 'आमची रचना मजबूत आणि कार्यक्षम आहे.'

एका मुलाला विचारलं, प्रोग्रॅममध्ये इथे १७.६ का लिहिलंय? तो म्हणाला, 'चाक ५६ मिलिमीटरचं आहे. आम्ही दोरा गुंडाळून मोजलं तर सतरा पूर्णांक काहीतरी सेंटिमीटर आलं. मग ताई म्हणाली, हे तर पायने (π) गुणल्यासारखं आहे.' पाय त्यांना त्या दिवशी सापडला होता. पुस्तकात तो पुढच्या वर्षी होता.

पिंगळा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३१

कोअर व्हॅल्यूज म्हणजे काय हो? मूल्यशिक्षणाचा तास?

कडूकारले | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४४

थोडंफार तसंच, पण गुणांसकट. या फर्स्ट संस्थेची स्थापना १९८९ मध्ये डीन केमन यांनी केली. त्यांच्याबरोबर एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक होते. 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' हा शब्द त्यांचा. जीव तोडून स्पर्धा करायची, पण समोरच्याचा सेल संपला तर आपला द्यायचा.

पिंगळा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

अच्छा, म्हणजे उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. श्रावणातल्या कहाणीत आमच्या आजीने हे एमआयटीच्या आधी सांगितलं होतं.

मृद्गंध | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

रोबोटमधलं मला काही कळत नाही, पण विषय पुरातत्त्व वाचून आले. पुण्यात राहून मुलांना डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवलं नसेल तर आधी ते करा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुलं दगावली तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. हे मुलांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला दहाव्या वर्षी कळलं आणि मी याच विषयाकडे वळले.

प्रकल्पासाठी खरी अडचण हवी असेल तर एक देते. विद्यार्थी असताना मी उत्खननावर खापऱ्या धुवायचे. शेकडो खापऱ्या, प्रत्येक थराची वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी. धुताना चिठ्ठी भिजते, शाई पसरते आणि मग ही खापरी कुठल्या थरातली हे देवाला माहीत. थर हरवला की खापरी म्हणजे नुसता मातीचा तुकडा. मुलांना म्हणावं यावर काही सुचतंय का बघा. ड्रोन आणि एआय नंतर.

सातवीची_आई | १५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

मृद्गंध, मुलांना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. कुंभांचंही सांगितलं. बराच वेळ शांतता होती, मग एकाने विचारलं, "घरातच का? लांब का नाही?" त्यावर तासभर बोलत होते. रोबोट तसाच पडून.

ड्रोनचं कसं ओळखलंत? त्यांच्या यादीत पहिलं ड्रोनच होतं.

आजोबा, तुमचा प्रश्नही विचारला. उत्तर अजून नाही. आणि पिनेबद्दल मी माफी मागितली. मुलगी म्हणाली, "काकू, सॉरी नको, टेस्ट करू." माझा हात दहा वेळा, त्यांचा दहा वेळा. माझा दहापैकी नऊ, त्यांचा सहा. आता त्यांना माझा वापरायचाय, आणि मला तो काढून टाकायचाय.

न्यूजर्सीकर | १६ ऑक्टोबर, पहाटे ४:४८

हा पेच मस्त आहे.

चकली | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

त्यांच्यावर सोडा. खरंच सोडा.

अवांतर: टेबल कसं केलंत? भाचीच्या टीमला हवंय.

सातवीची_आई | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

प्लायवूडचा शीट आपल्याकडे आठ बाय चारचाच मिळतो आणि टेबलाचं मापही साधारण तेवढंच आहे. सुताराला कडेच्या पट्ट्या आतून मोजायला सांगा. आमच्या सुताराने बाहेरून मोजल्या आणि मॅट दुमडली. 'ताई, कॅरम आहे का?' असं त्याने तीनदा विचारलं.

टूलरूम_आजोबा | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

टेबलाला स्पिरिट लेव्हल लावा. चेंडू ठेवून बघितलं तरी चालेल.

सातवीची_आई | ११ जानेवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, स्पर्धा झाली.

आधी हाताचं सांगते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्यातला सगळ्यात गप्प मुलगा मोठ्या भावाचं गिटार घेऊन आला. तारा पिळायच्या खुंट्या दाखवत म्हणाला, "हे बघा, खुंटी फिरवली की तार ताणली जाते, पण तार कितीही ओढा, खुंटी फिरत नाही." आतमध्ये वर्म गिअर असतो. लेगोच्या डब्यात तो पहिल्या दिवसापासून पडून होता, 'स्क्रूसारखं कायतरी' म्हणून. माझी पिन आणि माझा गिअर दोन्ही निघाले. नवा हात वर गेला की तिथेच थांबतो. मात्र इतका सावकाश जातो की बघताना जांभई येते. चढायला चार सेकंद, उतरायला चार. अडीच मिनिटांतले आठ सेकंद द्यायचे की नाहीत यावर मोठं भांडण झालं, मतदान झालं, ४ विरुद्ध ३. दिले. दहापैकी दहा.

प्रकल्प चिठ्ठीवरच केला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर पंचने भोकं पाडून आकड्यांची खूण, पिशवीच्या नाडीलाच बांधलेले. शाईच नाही. बादलीत आठवडाभर भिजवून ठेवले होते. मृद्गंध, तुमचे आभार त्यांनी परीक्षकांसमोरही मानले, 'मृद्गंध मॅडम' म्हणून.

कडूकारले, परीक्षकांनी तुमचाच प्रश्न विचारला: हा भाग याआधी कसा होता? मी मागे खुर्चीत, तोंड बंद. पिनवाली मुलगी उठून म्हणाली, "पहिला आमचा होता, तो लोंबायचा. दुसरा काकूंनी रात्री गुपचूप केला होता, तो चांगला होता. पण आमचा नव्हता." आणि माझ्याकडे बोट. परीक्षक हसले. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

निकाल: पुढच्या फेरीत गेलो नाही. करंडकही नाही. पहिल्या फेरीत रोबोट छान पळाला. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच मिनिटाला बंद. चार्जिंग संपलं होतं. रात्री चार्जिंगला कुणी लावायचं हे ठरलंच नव्हतं. मला आदल्या रात्री झोपताना आठवलं होतं. म्हटलं, हात खिशात.

झेडपी_गुरुजी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

अरेरे. हे माझ्या नव्या यादीत लिहून ठेवतो: चार्जिंगचं सांगावं.

टूलरूम_आजोबा | १२ जानेवारी, सकाळी ६:०५

वर्म गिअर! शाब्बास. त्या गिटारवाल्याला माझ्याकडून पेढा.

चार्जिंग ही कामगाराची चूक नसते, चेकलिस्ट नसण्याची असते. भिंतीवर कागद लावा.

शून्य_प्रहर | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

ट्यूबची कल्पना आवडली. स्वस्तात आहे.

गुरुजी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. वापरलेल्या संचाचं आणि एसटीच्या भाड्याचं काय होतंय ते बोलू.

पिंगळा | १२ जानेवारी, सकाळी ९:३३

शून्यराव, बरे आहात ना?

सातवीची_आई | १२ जानेवारी, रात्री ९:००

जाता जाता: टेबल कुणाला हवंय का? पुढचा हंगाम ऑगस्टमध्ये, तोवर ते हॉलमध्ये ठेवणं शक्य नाही. नवरा त्यावर इस्त्री करायला लागलाय.

चकली | १२ जानेवारी, रात्री ९:१२

मला हवंय! लिफ्टमध्ये मावतं का?

सातवीची_आई | १२ जानेवारी, रात्री ९:१५

नाही. चौथा मजला, जिन्याने उतरवावं लागेल. दोन माणसं आण. पोहे मी करते.